पावसात सिंहगड: चढा पायी, उतरायचं आधी ठरवा

कोथरूडच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. जुलैच्या शेवटच्या रविवारी ते, त्यांची पत्नी, अकरा वर्षांचा मुलगा आणि सदुसष्ट वर्षांचे वडील असे चौघं सिंहगडावर जाणार आहेत. हिवाळ्यात गड पाहिलेला आहे, पण पावसात डोंगरवाटेला यांच्यातलं कुणीच गेलेलं नाही. बेत असा की गाडीनं वर जायचं, पिठलं-भाकरी खायची आणि पायवाटेनं पायथ्याच्या आतकरवाडीला उतरायचं, म्हणजे चढ टळला की वडिलांना सोपं जाईल. बूट कुठले घ्यावेत, पाऊस किती असला तर बेत रद्द करावा आणि वाटेतल्या पाण्यात मुलाला खेळू द्यावं का, असंही विचारलं आहे.

सगळ्यात आधी तो बेत उलटा करा. पायी चढा आणि घाटरस्त्यानं भाड्याच्या जीपनं उतरा. बुटांचं नंतर बघू.

चढावर दम लागतो म्हणून चढ अवघड वाटतो. पण दम लागला की माणूस आपणहून थांबतो, बसतो, पाणी पितो. उतारावर असं काही होत नाही. पाय आपोआप पडत जातात, गप्पा रंगतात आणि लक्ष वाटेवरून उडतं. चढताना पाय निसटला तर माणूस पुढे हातांवर येतो, फार तर गुडघा खरचटतो. उतरताना निसटला तर सगळं वजन मागे जातं आणि माकडहाड, मनगट नाहीतर घोटा यांपैकी काहीतरी सापडतं. त्यात उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचं वजन झेलत असतो, आणि हे काम चढण्यापेक्षा वेगळं आहे. शहरात जिने उतरायलासुद्धा लिफ्ट वापरणाऱ्यांना त्याची सवय नसते. अर्ध्या-पाऊण तासात पाय लटलटायला लागतात, आणि ज्या वयात हाड लवकर सांधत नाही त्या वयात हे जास्त महाग पडतं. पावसाळ्यात मुरगळलेले घोटे आणि मोडलेली मनगटं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यातली बहुतेक उतरताना झालेली, आणि तीही अवघड टप्प्यावर नाहीत, तर ‘झालं, आता पोचलोच’ म्हणण्याच्या जागी.

गाडीनं वर जाऊन खाली उतरण्यात आणखी एक गोम आहे. तुम्ही भरल्या पोटी, न तापलेल्या अंगानं, दुपारी त्या वाटेला लागणार. रविवारी तोवर पहाटेपासून हजारो पाय तिच्यावरून गेलेले असतात आणि माती लोण्यासारखी झालेली असते. वर येणारी गर्दी असतेच. त्यांना वाट द्यायला तुम्ही कडेला होणार, आणि कडेलाच सगळ्यात जास्त निसरडं असतं.

सिंहगडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 1,300 मीटर आणि आतकरवाडीपासूनचा चढ साधारण 600 मीटरचा. रोजचे चढणारे तासाभरात वर असतात. त्यांच्याकडे बघू नका. पावसात, पहिल्यांदा, मुलाला आणि वडिलांना घेऊन दोन ते अडीच तास धरा. पहाटे साडेपाच-सहाला पायथ्याशी असलात तर वाट मोकळी मिळते आणि नऊच्या आत तुम्ही गडाच्या पुणे दरवाज्यात असता. रविवारी आठनंतर पोचलात तर गाडी लावायलाच अर्धा तास जाईल.

जीपचा एक मुद्दा मात्र विसरू नका. जोराच्या पावसात घाटरस्त्यावर दरडी येतात, आणि आली किंवा येण्याची भीती असली की रस्ता बंद होतो. रस्ता बंद म्हणजे जीप बंद. म्हणून निघायच्या दिवशी पायथ्याशी पहिला प्रश्न ‘वर पाऊस आहे का’ हा नको, ‘घाट चालू आहे का’ हा विचारा. चहाच्या टपरीवाल्यालाही माहीत असतं. घाट बंद असेल, किंवा तो बंद होईल अशी चर्चा कानावर आली, तर वडिलांना घेऊन चढू नका. प्रत्येक माणूस खाली कसा येणार हे ठरल्याशिवाय वर पाऊल टाकायचं नाही, हा माझा पावसाळ्यातला नियम आहे आणि तो मी कुणासाठी सैल करत नाही. हौशी मंडळींना तो जाचक वाटतो. वाटू दे.

आता पाऊस किती असला तर रद्द करायचं. मोबाइलमधल्या ढगाच्या चित्रावर जाऊ नका. हवामान खात्याचा इशारा वाचताना पुणे शहर आणि पुण्याचा घाटमाथा या दोन वेगळ्या नोंदी असतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. शहराला पिवळा आणि घाटमाथ्याला त्याच दिवशी नारिंगी किंवा लाल असं जुलैत नेहमी घडतं. शिवाजीनगरला वर्षभरात सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि लोणावळ्याकडे त्याच्या पाच-सहा पट. सिंहगड या दोन्हींच्या मधे, पण तुमच्या कोथरूडच्या गच्चीवर रिमझिम आहे म्हणून गडावरही रिमझिमच असेल असं अजिबात नाही. खात्याच्या भाषेत 24 तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर गेला की ‘जोरदार’, 115.6 पासून ‘अति जोरदार’ आणि 204.4 च्या वर ‘अत्यंत जोरदार’. तुमच्यासारख्या गटानं घाटमाथ्याला नारिंगी इशारा असला की घरी बसावं. पिवळा असेल तर आदल्या दोन-तीन दिवसांचा हिशेब करा. सलग पाऊस झालेला असेल तर डोंगर पाणी पिऊन जड झालेला असतो, आणि अशा वेळी त्या दिवशीची साधी सरसुद्धा दगड-माती सोडवायला पुरते. 30 जुलै 2014 ला आपल्याच जिल्ह्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशेहून जास्त माणसं गेली, तेही असंच सततच्या पावसात. वाटेवर अचानक गढूळ पाणी फुटलेलं दिसलं, ताजी भेग दिसली, झाडं नव्यानं कललेली दिसली किंवा वरून बारीक खडे येत राहिले, तर तिथे फोटो काढत थांबायचं नाही.

आणि जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश असेल तर तो पाळायचा. पावसाळ्यात धबधब्यांसाठी, धरणांसाठी, कधी कधी गडांसाठीही असे आदेश निघतात. ‘आम्ही काय पोहायला चाललोय का’ हा युक्तिवाद नाक्यावरच्या हवालदारानं सकाळपासून शंभरदा ऐकलेला असतो.

विजांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगून ठेवतो. जुलैतल्या संततधारेत विजा कमी असतात. धोका वळवाच्या पावसात, म्हणजे मे आणि जूनच्या सुरुवातीला, आणि परत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. त्या महिन्यांत दुपारनंतर उघड्या धारेवर असू नये.

बूट. दुकानात किंमत बघण्याआधी बूट उलटा करा. तळाला खोल, एकमेकांपासून लांब असलेले दात हवेत, म्हणजे त्यात चिखल अडकून बसत नाही. रबर नखानं दाबून बघा. किंचित दबलं पाहिजे. कडक प्लॅस्टिकसारखा तळ ओल्या कातळावर उभासुद्धा राहू देत नाही. पुण्यातल्या ट्रेकर मंडळींनी वर्षानुवर्षं ॲक्शन कंपनीचे साधे ट्रेकिंगचे बूट झिजवले आहेत, तेही महागड्या बुटांची ऐपत असताना. तेव्हा पाच-सात हजार घातलेच पाहिजेत असं काही नाही. ‘वॉटरप्रूफ’च्या मागे तर लागूच नका. आपल्याकडच्या पावसात पाणी वरून, घोट्याकडून आत जातं, आणि वॉटरप्रूफ बुटात शिरलेलं पाणी दिवसभर आतच राहतं. जाळीचा बूट भिजतो आणि निथळतो. गमबूट शेतात ठीक, डोंगरावर नको. सँडल, फ्लोटर्समध्ये ओला पाय आतल्या आत सरकतो.

नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, आणि माळ्यावरचे जुने बूट तर न तपासता मुळीच नकोत. वापरात नसलेल्या बुटांचा तळ आतून कुजतो, वरून धड दिसतो आणि अर्ध्या वाटेत अख्खा सुटून हातात येतो. अशा वेळी बांधायला पिशवीत हातभर सुतळी ठेवा.

कपड्यांमध्ये जीन्स नको, एवढं पुरे. ती भिजली की जड होते, गुडघा वाकू देत नाही आणि गडावरच्या वाऱ्यात अंगातली ऊब काढून घेते. जुलैत वर तापमान विशीच्या आसपास असतं, ऐकायला सुखद वाटतं. ओल्या सुती बनियनवर पंधरा मिनिटं वारा घेतला की मुलाचे ओठ निळे पडायला लागतात. नायलॉनची ट्रॅकपँट, पटकन वाळणारा टी-शर्ट आणि वर साधी विंडचीटर घ्या. प्रत्येकाचा एक कोरडा टी-शर्ट दोन प्लॅस्टिक पिशव्यांत घट्ट बांधून न्या, आणि तो वर पोचल्याबरोबर बदला, भज्यांची ऑर्डर देण्याच्या आधी. छत्री पायथ्याच्या चहापुरती. चढावर दोन्ही हात मोकळे हवेत.

चालायचं कसं, हे खरं तर बुटांपेक्षा महत्त्वाचं आहे. पावसाळ्यात वाट महिन्यागणिक बदलते. पहिल्या पावसात उन्हाळ्यातली धूळ भिजून तिचा चिकट राडा होतो, तो बुटाच्या दातांत भरतो आणि बूट गुळगुळीत होतो. जुलैत पाणी वाटेवरूनच वाहायला लागतं, माती धुपून जाते आणि दगड उघडे पडतात. ऑगस्टपासून दगडांवर शेवाळ धरतं आणि गवत इतकं वाढतं की खालचा खड्डा दिसत नाही. तुम्ही जुलैअखेरीस जाताय, म्हणजे वाहतं पाणी आणि नुकतं धरू लागलेलं शेवाळ दोन्ही भेटणार.

आपला कातळ बसाल्टचा, काळा. कोरडा असताना त्याच्यासारखी पकड नाही, ओला असतानाही बऱ्यापैकी धरतो, पण त्याच्यावर हिरवट-काळी साय आली की संपलं. एक गोष्ट नवख्यांना उलटी वाटते: पाणी जोरात वाहतं तिथला दगड बहुतेक वेळा घासून स्वच्छ झालेला असतो, आणि कडेला जिथे पाणी नुसतं झिरपतं तिथेच घसरगुंडी असते. बूट भिजू नयेत म्हणून कडेकडेनं जाणारे म्हणूनच आधी आपटतात. बूट भिजणारच आहेत. पहिल्या पाच मिनिटांत भिजवून मोकळे व्हा आणि मग नीट पाय टाका.

पाऊल लहान टाका, पूर्ण तळवा टेकवा, गुडघे किंचित वाकलेले ठेवा. उतारावर भीतीनं मागे रेलायची सवय असते. मागे रेललं की टाच सुटते. अंग पायांवर, किंचित पुढेच हवं. निसरड्या कातळटप्प्यावर सरळ खाली बसा, नाहीतर दगडाकडे तोंड करून शिडी उतरल्यासारखं उतरा. पँटचा मागचा भाग चिखलानं भरला म्हणून कुणी हसत नाही, आणि हसलं तर हसू दे. सिंहगडच्या वाटेवरची मुळं हजारो पायांनी गुळगुळीत झाली आहेत, त्यांच्यावर पाय देऊ नका, त्यांच्या मधे द्या. झुडपाला धरायचं तर आधी ओढून बघा. कारवीच्या झुडपाचा जुडगा बऱ्याचदा साथ देतो, एकटी काडी देत नाही. पायथ्याशी काठ्या मिळाल्या तर वडिलांना एक घेऊन द्या. दोन असतील तर उत्तम. आणि पायाखालचा दगड सुटला तर ‘दगड!’ म्हणून ओरडायचं, हे मुलाला आधीच शिकवून ठेवा. एरवी घरात ओरडायला परवानगी नसते, त्यामुळे तो हे आनंदानं करेल.

आता मुलाच्या पाण्यात खेळण्याचं. वाटेवरून वाहणाऱ्या घोट्याएवढ्या पाण्यात खुशाल नाचू दे. धबधब्याच्या खाली उभं राहणं, डोहात उतरणं आणि ओढा ओलांडताना रेंगाळणं या तीन गोष्टींना मात्र नाही म्हणा. धबधब्यातून नुसतं पाणी येत नाही, वरून सुटलेले दगडही येतात. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ती काही दरीच्या टोकावर साहस करत नव्हती. घरची मंडळी पाण्यात उभी होती, पाणी चढलं आणि परतायला वाव उरला नाही.

आपल्याकडचे ओढे आखूड आणि तीव्र उताराचे. डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या पठारावर सर कोसळली की थोड्याच वेळात खालचा ओढा फुगतो. पाण्याचा रंग तांबूस झाला, काटक्या-पाला वाढला, आवाज जाड झाला, की लगेच काठावर या. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर ओलांडायचं नाही, मग पलीकडे गाडी असो की जेवण. अशा ओढ्यांची एक चांगली गोष्ट म्हणजे ते जसे चढतात तसेच उतरतात. पाऊस थांबल्यावर तास-दोन तास बसून राहिलं तर पुष्कळदा साधं चालत जाता येतं. कमी पाण्यातून जातानाही सॅकचे पट्टे मोकळे ठेवा, म्हणजे पाय गेला तर सॅक टाकून देता येते. आतकरवाडीच्या वाटेवर मोठे ओढे नाहीत, आणि पहिल्या पावसाळी चढाईसाठी मी ती वाट सुचवतो त्याचं हे एक मोठं कारण आहे. अंधारबनसारख्या वाटांवर एकामागून एक ओढे लागतात. तीन ओढे ओलांडून पुढे गेल्यावर चौथा चढलेला असतो, आणि मागे वळून बघावं तर पहिलाही. इन्स्टाग्रामवर ते हिरवंगार दिसतं. या वर्षी तिकडे बघू नका.

धुकं येईलच, आणि येऊ दे, त्यासाठीच तर माणसं जातात. फक्त चौघं एकमेकांना दिसतील एवढ्या अंतरात राहा: पुढे तुम्ही, मग वडील, मुलगा, आणि सगळ्यात मागे पत्नी, किंवा तुमची जागा त्यांना द्या. दोन्ही टोकांना मोठं माणूस हवं इतकंच. मुख्य वाट मळलेली आहे. बाजूला फुटणाऱ्या बारीक वाटा गुरांच्या असतात आणि त्या कुठेही घेऊन जातात. मुलाच्या गळ्यात शिट्टी अडकवा. अडचणीत सापडलं तर मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, परत सहा. ओल्या बोटांनी मोबाइलचा पडदा ऐकत नाही, म्हणून एक फोन कोरड्या कापडात गुंडाळून झिपच्या पिशवीत ठेवा. 112 हा मदतीचा नंबर सगळ्यांना माहीत असतो. त्याबरोबर महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन नंबर निघायच्या आदल्या रात्रीच शोधून सेव्ह करा. डोंगरात अडकलेल्यांना काढणाऱ्या राज्यभरच्या तुकड्या त्यांच्यामार्फत निघतात.

पावसात तहान लागत नाही आणि माणसं पाणी पीत नाहीत. मग वरच्या टप्प्यात पोटऱ्यांत गोळे येतात. दर वीसेक मिनिटांनी दोन घोट, त्यात मीठ-साखर असेल तर आणखी बरं. वाटेत ताक, लिंबू सरबत मिळतं, तेही चालेल. खायचं हातात उघडं धरून चालू नका. सिंहगडच्या माकडांना प्लॅस्टिक पिशवीचा आवाज पन्नास पावलांवरून कळतो.

वर पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही, सगळं खा. मग जीप. बसण्याआधी ती कुठे सोडणार हे चालकाला विचारा. घाटरस्ता गोळेवाडीकडे उतरतो आणि तुमची गाडी आतकरवाडीत असेल, तर भर पावसात मधलं अंतर चालायची वेळ येते. पीएमपीच्या बसनं सिंहगड पायथ्यापर्यंत आलात तर हा घोळच नाही.

तुम्हाला आणि मुलाला उतरायचीही हौस असेल तर जेवणाआधी उतरा, आणि पत्नी-वडिलांना जीपनं पाठवा. चढायला लागला तेवढाच वेळ उतरायलाही धरा. पाऊस वाढत असेल तर हौस पुढच्या वेळी.

राहता राहिला वडिलांचा प्रश्न. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा विषयच काढू नका. तसं काही नसेल तर त्या रविवारच्या आधी एकदा भुरभुर पावसात त्यांना वेताळ टेकडीवर न्या. कोथरूडहून काय लांब आहे? चढताना त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, उतरताना द्या. पाऊल टाकण्याआधी दर वेळी थांबत असतील, तुमचा खांदा शोधत असतील, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जिना आडवे होऊन उतरत असतील, तर सिंहगडावर त्यांनी जातानाही जीपनंच जावं. त्यांना वाईट वाटेल, थोडी कुरकुर होईल. त्यावर उपाय म्हणजे त्यांना वरची जबाबदारी द्या: आडोशाची जागा धरायची आणि पिठल्याची ऑर्डर द्यायची. भेटीची जागा पुणे दरवाज्यापाशी ठरवा, आणि वेळ सांगताना तुमच्या अंदाजात पाऊण तास मिळवून सांगा, नाहीतर ते धुक्यात तुम्हाला शोधायला खाली उतरायला लागतील.